ज्वारीचा एक दाणा

आमच्या पूर्णेच्या घराला तुळई नाही, रूळ आहे.
मीटरगेज उखडली त्या साली बापानं लिलावात घेतला,
बारा फुटांचा तुकडा. पावती अजून
देव्हाऱ्यात, खंडोबाच्या टाकामागं,
कारण पोलीस दोनदा विचारून गेलेत.

रुळाच्या पोटावर उठावाचे आकडे, १८९९.
कारखान्याचं नाव अर्धं चुन्यात बुडालंय.
शाळेच्या आधी मी हे दोन नऊ शिकले.

चाँदपाशा मिस्त्री टोकं सिमेंटनं लिंपायला लागला
तसा बाप खालून वरडला,
"दाबू नको रे, कोंडंल त्यो.
ज्वारीचा दाणा मावंल येवढी फट सोड."
"मुंजाजी, आता रूळ कुठंय ह्यो? तुळई झाली."
"तुला म्हाईत. त्याला कोन सांगनार?"

बाप कीमॅन होता, मिरखेलच्या अंगाला.
खांद्यावर हातोडा, खिशात चिमूटभर ज्वारी.
पुसातल्या पहाटे सांध्यात दाणा टाकून बघायचा.
गेला तर पुढचा सांधा.
वैशाखात दुपारी तिथंच
नखसुद्धा शिरायचं नाही.
साहेबाकडं मापाच्या पितळी पट्ट्या होत्या.
दोघांचं माप जुळायचं,
असं बापच सांगायचा.

आता त्या बीटवर मी चालते.
मोठी लाईन. सांधे नाहीत,
रूळ वितळवून जोडलेला, कोसच्या कोस अखंड.
ट्रेनिंगला साहेब फळ्यावर लिहीत होते :
मधला रूळ हलत नाही, नुसता ताण सोसतो.
टोकाकडचे शंभरेक मीटर तेवढे मागंपुढं होतात,
त्याला श्वासाची लांबी म्हणायचं.
मी हसले. "काय झालं?"
"काही नाही, साहेब. ऐकलेलं होतं."

उन्हाळ्यात भर दुपारी घर एकदाच वाजतं, टक्क.
पाहुणा दचकून वर बघतो.
"लांबतोय," आई म्हणते
आणि त्याच्या ताटात भाकरी वाढते.

यंदा जानेवारीत रंगाऱ्यानं
लांबी भरून फट बुजवली, फार सफाईनं.
बाप असता तर त्याला शिडीवरून उतरू दिलं नसतं.
रात्री मी स्टुलावर चढले, सुरीनं खरवडलं,
थंडीचं माप थंडीतच घ्यावं लागतं.
पहिला दाणा अडकला.
दुसरा खाली पडला, अंधारात कुठं गेला कळलं नाही.
तिसरा आत गेला.

सुरी पुसून मांडणीवर ठेवली.
साडेपाचला ड्यूटी होती.