अठ्ठावीस फुटांची रेल्वे

नदीचं नाव विलापा.
रडण्याशी तिचा काही संबंध नाही,
ती आपली धुक्यातून समुद्राकडे जाते.
तिच्या वरच्या अंगाला, आल्डरच्या रानात
उभा आहे सात नंबरचा गार्डाचा डबा.
खाली बरोब्बर अठ्ठावीस फूट रूळ.
पुढे नाही. मागेही नाही.

लेम्पीआत्या सांगते, तो कारखान्यात जन्मलाच नाही.
एकोणीसशे अकरात ओंडक्यांची एक वाघीण घसरली,
तिच्या सांगाड्यावर कंपनीच्या सुतारांनी
बर्फात काम बंद होतं म्हणून
खोली उभारली: सीडारच्या फळ्या, शेगडी,
माथ्यावर काचेची माडी.
बाकाच्या बिजागऱ्या जुन्या बुटांच्या चामड्याच्या.

गार्ड ट्वेट माडीत बसायचा,
तोंडात न पेटवलेला पाइप.
इंजिनाला पुढचं जंगल दिसायचं,
याला बुडखे.
चोवीस वर्षं बुडखे,
त्यातला एक इतका रुंद
की त्यावर फिडलच्या तालात चार जोडपी नाचली.
आत्या म्हणते आठ.
आत्या तेव्हा जन्मली नव्हती.

शनिवारी वर जाताना पगाराची पेटी.
उतरताना कधी कधी
घोंगडीखाली कुणीतरी,
बूट तेवढे बाहेर, तळाचे खिळे
शेगडीच्या उजेडात चमकणारे.
अशा वेळी ट्वेट शेगडीत लाकूड जास्त घालायचा.
का, ते कुणी विचारलं नाही.

एकोणीसच्या नोव्हेंबरात, ओल्या उतारावर
ब्रेक धरेनात.
माझा आजोबा आर्व्हो ओंडक्यांवरून धावत
एकेक चाक आवळत मागे आला,
आणि शेवटी पिन उपसली.
डबा थांबला.
बाकीची गाडी थांबली नाही.
इंजिनावर दोघं होते.
त्या रात्रीबद्दल आजोबा जन्मभर एवढंच बोलला:
पिन फार गार होती.

मग युद्धात लोखंड हवं झालं.
रूळ उपटत उपटत माणसं डब्यापाशी आली.
तो हलवायला इंजिन हवं,
आणि इंजिन तर आधीच मोडीत गेलेलं.
म्हणून त्याच्या पायाखालचे तेवढे राहिले.
आजोबानं पंधरा डॉलरला डबा घेतला.
का घेतला, हे आजीलाही कळलं नाही.
माडीत आत्याच्या कोंबड्या अंडी घालायच्या.

यंदा मी रंग खरवडतो आहे.
तांबड्याखाली हिरवा, हिरव्याखाली करडा,
आणि बाकामागच्या उघड्या फळीवर
ट्वेटची पेन्सिल, दर फेरीचा हिशेब:
भरल्या किती, पोचल्या किती.
एका ओळीत भरल्या अकरा.
पुढे काही नाही.
पेन्सिल टेकवल्याचा ठिपका आहे फक्त.
तिथं मी खरवडणं थांबवलं.

संग्रहालयवाले क्रेन घेऊन आले.
डबा हवा, रूळ नको, म्हणाले.
आत्या काठी आडवी धरून दारात उभी राहिली:
न्यायची तर अख्खी रेल्वे न्या,
अठ्ठावीस फूट आहे.
त्यांनी टेप लावली.
सत्तावीस फूट नऊ इंच.
आत्या अजून त्यांच्याशी बोलत नाही.