सतरा नंबर

मिरजेत, उंदीरघरात, सकाळी सातला
मी वजनकाटा शून्यावर आणते.
सतरा नंबर : काल एकवीस ग्रॅम, आज अठरा पूर्णांक सहा.
शेपटीखाली रक्त.
त्याच्या पाण्यात ती पांढरी पूड मीच मिसळली होती.

समोरच्या इस्पितळातून बर्फाच्या डब्यात नाळ आली,
तस्नीम बागवानच्या पहिल्या मुलीची.
एरवी कुठेतरी मातीत पुरली असती.
इथे तिच्या पेशी वाढवल्या, मोजल्या, धुतल्या
आणि एवढ्याशा सुईतून
सतराच्या पोटात सोडल्या.

सरांनी कधी विचारलं नाही, मीही बोलले नाही,
की माझा भाऊ सुधन्वा
सांगली स्टँडवर आधी संडास शोधतो,
मग गाडी.

दहाव्या दिवशी वजन वीस.
खोक्यात कागदाच्या कपट्यांचं घरटंही केलं त्यानं.
तेराव्या दिवशी त्याला मारलं.
आतडं पट्टीवर ठेवूनच मोजावं लागतं,
सूज असली की आखडतं ते.
सात पूर्णांक नऊ सेंटिमीटर.
चांगलं आहे, सर म्हणाले. खरंच चांगलं होतं.

आई म्हणते, पोरासाठी आतडं तुटतं.
वहीत त्याला रकाना नाही.

रात्री सुधन्वानं विचारलं, आज काय काम होतं?
म्हटलं, मोजमाप.
ताकभात कालवून त्याच्यापुढे ठेवला
आणि तो किती घास खातो,
ते मोजत बसले.