पाच-एक

तोलाच्या कमरेला दोरी होती,
दुसरं टोक घराच्या खांबाला.
तोनले सापवरच्या सगळ्या पोरांना असते,
पाय फुटले की बांधतात.
बाकीची चार-पाच वर्षांची झाली की आपणच सोडून घेतात.
तोलाला सातवं लागलं, तरी तो गाठीला हात लावू देईना.

आमचं घर तरंगतं. वर बांबू, खाली निळी पिंपं.
नदी उलटी फिरून तळ्यात शिरली
की आम्ही घरासकट झाडांच्या शेंड्यांत जातो,
पाणी ओसरलं की पुन्हा मध्यावर.
दुकान वल्हवत येतं, न्हावी वल्हवत येतो,
शेजाऱ्यांची डुकरंसुद्धा तराफ्यावर.
इथे जन्मून पाण्याला भ्यायचं, प्रुमकाका म्हणायचे,
म्हणजे बेडकाला चिखलाची किळस!
तोला ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.
घराच्या बरोब्बर मधोमध बसायचा,
जिथे फळ्यांच्या फटींवर चटई आहे
आणि खालचं हलणारं काही दिसत नाही.

तीन वर्षांचा असताना पडला होता एकदा.
आईने दोरी ओढली, मासा घेतात तसा वर घेतला.
मला आठवत नाही, म्हणतो.
दोरीला आठवत असावं.

त्या वर्षी मास्तर लग्नाला गेले ते महिनाभर आलेच नाहीत.
मी अकराची, रिकामी.
म्हटलं, चल, आज फक्त फुंकर.
गरम पेजेवर घालतोस तशी.
पायरीवर पालथं पडून त्याने तळ्यावर फुंकर घातली.
एक बारीक वळी उमटली, लांबपर्यंत गेली.
दुसऱ्या दिवशी कान.
"काय ऐकू येतं?"
"खाली कुणीतरी दात घासतंय."
मासे होते, पिंपांवरचं शेवाळ खरवडणारे.
तिसऱ्या दिवशी रडला.
चौथ्याही.
मग मीच चिडून सोडून दिलं,
आणि आठवड्याने तोच येऊन म्हणाला, पाठीवर झोपव.

पाण्यातल्या पायरीवर मी उभी, त्याची मान माझ्या तळव्यावर,
मानेतली नाडी पाखरासारखी.
"फसवणार नाहीस ना?"
"जे बोट काढीन ते सांगून काढीन."
करंगळी.
"चार," तो म्हणाला, आभाळाकडे बघत.
अंगठा. "तीन."
मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही,
एक होडी गेली, तिची लाट आम्हाला वर उचलून खाली ठेवून गेली.
"दोन."
"एक."
एका बोटावर माणसाचं डोकं इतकं हलकं असतं!
ते बोट काढताना मीच थांबले.
पण सांगायचं कबूल केलं होतं. सांगितलं.

तो शून्य म्हणाला नाही.
उलट वर मोजू लागला, एक, दोन, तीन, चार, पाच,
आमच्या भाषेत सहाला वेगळा शब्द नाही,
पाचानंतर पाच-एक, पाच-दोन,
एक हात संपला की दुसरा त्यालाच जोडायचा.
"पाच-एक" म्हणताना तोंडात पाणी गेलं,
खोकला, बुडाला, पाय झाडले,
आणि झाडता झाडताच कुत्र्यासारखा पायरीला येऊन लागला.
याला पोहणं म्हणत असतील तर पोहला.
दोरी मागे सैल तरंगत होती.
तिला कुणी ओढलं नव्हतं.

संध्याकाळी आई गाठ सोडायला बसली.
नखांनी सुटेना, मग दातांनी.
कमरेभोवती फिकट पट्टा निघाला, जन्मल्या दिवसाच्या रंगाचा.
रात्री मला जाग आली तेव्हा
आईचा हात झोपेतच काहीतरी ओढत होता.

सकाळी तोला पाण्यात, तेलाचा पिवळा कॅन काखेत.
"आई, तू कशी कधी उतरत नाहीस?"
आई सुपात तांदूळ निवडत होती.
ती भातशेतीच्या गावची. लग्न होऊन तळ्यावर आली,
बारा वर्षं पाण्यावर निजली,
आणि आम्ही कुणी कधी विचारलंच नव्हतं.
"भात करपेल," ती म्हणाली.
चूल अजून पेटलीही नव्हती.

तोलाने कॅन सोडला, पायरी धरली,
ओला हात वर केला, पाचही बोटं पसरून.
"मी सांगून काढीन," म्हणाला.
आईने सूप बाजूला ठेवलं.