हौदाचं पाणी

खानापुरात स्टेशन रोडवर आमची सोड्याची फॅक्टरी.
फॅक्टरी म्हणजे पत्र्याखाली एक फिरतं यंत्र,
एक हौद, आणि भिंतीला साखळीनं बांधलेला
छातीएवढा सिलिंडर.
अप्पा त्याला पावणा म्हणत.
गाडीनं येतो, पोटात शिरतो, ढेकर होऊन जातो.

गुरुवारी देसूरकर सर यायचे.
निवृत्त, पदार्थविज्ञान, खिशाला दोन पेनं.
लिंबू सोडा, मीठ जास्त.
आणि त्या वर्षी वाद एकच:
हवा तापते ती या पावण्यामुळं का?

"दहा हजारांत चार, भरमाण्णा," सर म्हणायचे.
"दहा हजारांच्या जत्रेत चार पोरांनी शिट्टी मारली
म्हणून जत्रा पेटते काय?"
अप्पा बाटली उलटी करून गोटी बसवत.
"बादलीत निळीचे थेंब चारच.
खरं तुमचा सदरा बघा की ओ."

सर हटायचे नाहीत.
"सोडा उन्हात ठेव. गॅस सुटतो का नाही?
म्हणजे ऊन आधी, गॅस मागनं.
समुद्राचंही तेच. तू गाडीमागं बैल जुंपालास."
अप्पांना याला दोन गुरुवार लागले.
मग म्हणाले, "सुटलेला पावणा
काय ओसरीवर झोपून राहतोय?
तोही चुलीत लाकूड सारतोच की."

एप्रिलात प्रयोग झाला.
लोणच्याच्या दोन बरण्या, शाळेतून आणलेले दोन थर्मामीटर,
एकीत नळीनं गॅस सोडला, दुसरीत नुसती हवा.
बारा ते दोन आम्ही तिघं उन्हात उभे.
दोन्हीकडं एक्केचाळीस.
सर इतके हसले की चष्मा काढावा लागला.
"बरणी लहान, आभाळ मोठं," अप्पा म्हणाले,
खरं त्यांचं त्यांनाच ते पटलं नव्हतं.
त्या रात्री ते जेवताना बोलले नाहीत.

पुढच्या गुरुवारी त्यांनी वही काढली.

गार पाण्यातच गॅस मुरतो.
म्हणून यंत्र फिरवायच्या आधी, रोज पहाटे,
हौदात थर्मामीटर बुडवून आकडा लिहायचा.
एकोणनव्वदपासून.
सिलिंडर हुबळीचा, पावत्या कन्नड,
म्हणून आकडेही कन्नड.

सरांना कन्नड आकडे येत नसत.
हे त्यांनी चाळीस वर्षं कंडक्टरांना सांगितलं होतं,
बँकेत सांगितलं होतं,
मतदार यादी घेऊन आलेल्या पोराला
दारात उभं करून सांगितलं होतं.
मी वाचून दाखवायला वाकले.
त्यांचं बोट आधीच खाली सरकत होतं.

"डिसेंबर. सतरा. साडेसोळा. सतरा."
पानं उलटत गेले. थुंकी लावून, दहा दहा वर्षं एकदम.
"अठरा. अठरा. साडेअठरा... एकोणीस."

नळ ठिबकत होता. मी तो बंद केला नाही.

"पत्रा बदललास?"
"न्हाई."
"हौद?"
"तोच."
"मागं सिमेंटची भिंत झाली. तिचाही वाटा असणार."
"असेल की."

सर बराच वेळ रस्त्याकडं बघत राहिले.
मग कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले,
"शाळेच्या रजिस्टरात दुपारा आहेत. मीच लिहिल्यात.
त्या एवढ्या सरकल्या नाहीत.
सूर्याचं काम असतं तर दुपारी सापडलं असतं.
हे रात्रीचं आहे.
रात्री कोणीतरी पांघरूण घालतंय."

हरलो असं ते म्हणाले नाहीत.
अप्पांनी विचारलंही नाही. त्यांनी विचारलं ते वेगळंच:
"सर, माझ्या बाटल्यांचा यात वाटा किती?"

सरांनी पेन काढलं, पावतीच्या पाठीवर हिशेब मांडला,
एकदा खोडला, परत मांडला.
तो कागद यंत्रामागं अजून चिकटलेला आहे.
आकडा लहान आहे.
कन्नडात आहे.

आता दोघंही नाहीत.
पहाटे थर्मामीटर मी बुडवते.
काल एकोणीस पूर्णांक चार.
बर्फवाल्याला आता थंडीतही
एक लादी टाकून जा म्हणून सांगितलंय.