निळा किती कमी केलास

इदवाल पेन्रीचा बाप बेथेस्डाच्या खाणीत
पाटीचा दगड चिरायचा.
छिन्नी कुठे टेकवायची ते आधी बोटाला कळतं, म्हणायचा,
डोळ्याला मागाहून.

मुलाच्या हाती पाटी आली ती वेगळी,
वर बिजागरी, खडूने लिहिलेलं: सीन बारा, टेक चार.
टाळी वाजली की बाजूला व्हायचं.
पहिल्याच दिवशी तो बाजूला झाला,
अंगठा राहिला.
ते वाकडं नख मग चाळीस वर्षं
लाइट मीटरवर टकटक करत होतं.

मी त्याची कोण?
तो दिवसा टिपायचा ते रात्री माझ्याकडे यायचं,
कारनारवनमधल्या एका बिनखिडकीच्या खोलीत.
रंग जुळवणं माझं काम.
माझं नाव पडद्यावर येतं
तेव्हा लोक किटली ठेवायला उठलेले असतात.

सिनेमा त्याने एकच केला.
मेंढपाळ, बर्फ, अकरा मिनिटं कुणी बोलत नाही.
बँगोरला आठवडाभर चालला.
शेवटच्या खेळाला सात माणसं,
त्यातले दोघे आम्ही,
एक झोपलेला.

मग मालिका. मंगळवार, गुरुवार, रात्री आठ.
पबमधली भांडणं, घटस्फोट,
दवाखान्याचा कॉरिडॉर, आणि भिंत रंगवून
तोच तुरुंगाचा.
त्या स्वयंपाकघराला कसला एवढा उजेड करतोस, पोरं हसायची.
तो म्हणायचा, मेव्हानवी तिथे एकवीस वर्षं भांडी घासतेय.
सकाळी दहाचा उजेड वेगळा,
मुलगा घर सोडून गेला त्या दिवशीचा दहाचा वेगळा.
तेवढ्यासाठी खिडकीबाहेर शिडी,
शिडीवर गेथिन,
गेथिनच्या हातात त्याच्या आईच्या पडद्याचं कापड.

साठीनंतर एका सोमवारी
चेहरे निळे आले.
फार नाही. थंडी वाजत असावी इतपत.
मला वाटलं, लेन्स.
पुढच्या आठवड्यात जरा जास्त.
मी फोन उचलला. ठेवला.

त्याच्या डोळ्यांत पिवळं साचत होतं,
कपाच्या तळाशी चहा साचतो तसं.
फक्त त्यालाच दिसणारं ते पिवळं घालवायला
तो साऱ्या गावावर निळा ओतत होता
आणि मी रात्री बसून उपसत होते.
तीन वर्षं.
दिग्दर्शकाला बोलले नाही.
त्याला डॉक्टरकडे जा म्हटलं नाही, हे माझं चुकलंच,
पण म्हटलं असतं तर त्याच संध्याकाळी
त्याचा कॅमेरा दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर गेला असता.
वहीत लिहून ठेवायचे फक्त.
निळा: सहा कमी.
निळा: नऊ कमी.

निवृत्तीनंतरच्या मार्चमध्ये मोतीबिंदू काढला.
रात्री फोन. "नेरिस, आमचं दार हिरवं नाहीये गं.
निळं आहे! ग्वेनो म्हणते पहिल्यापासून निळंच."
हसला. मीही हसले,
जरा उशिराने.

मग बसून जुने भाग पाहिले असणार.

एप्रिलात जिना चढून आला. धाप लागलेली.
कोट काढला नाही.
"किती कमी केलास?"

मी वही दिली.
तो पानं उलटत राहिला,
वाकडं नख आकड्यांवरून खाली, खाली.
चौदा नोव्हेंबरवर थांबलं.
"अठरा," म्हणाला. "मेव्हानवीचा नवरा गेला तो भाग."
"हो."
"तिथे नव्हता कमी करायचा.
तिथे मला निळाच हवा होता."

मी खुर्ची सरकवून जागा दिली. तो भाग काढला.
सहा परत घातले.
"अजून."
आठ.
"अजून एक."
मेव्हानवी नळाखाली हात धरून उभी.
बाहेर रात्र झाली होती की पहाट,
त्या खोलीत कळत नाही.