खांब क्रमांक सतरा

मुदैबीच्या अलीकडे नवी वसाहत झाली,
तिथले चौसष्ट खांब मी उभे केले.
खड्डे, केबल, फ्यूज, सगळं माझ्या हातचं.
सतराव्याचा उजेड भिंत ओलांडून
झाहरानच्या खजुरीत पडेल,
हे नकाशात नव्हतं.

तो आला तेव्हा दुपारचे अडीच.
पुठ्ठ्याच्या खोक्यात फर्द खजूर.
भांडायला आलेला माणूस आधी खायला घालतो,
ही इथली रीत.
तीन खाऊन झाल्यावर म्हणाला,
तुझा दिवा माझं पाणी चोरतो.

मी म्हटलं, ऊन लागलंय म्हाताऱ्याला.

रात्री घेऊन गेला.
डोंगराच्या पोटातून येणारा पाट, त्याला फलज म्हणतात.
अर्ध्या तासाचा एक अथर;
कुणाचे सहा, कुणाचा अर्धाच, झाहरानचे दोन.
थुरैया कड्यावर आली की त्याची पाळी सुरू,
दबरान आला की संपली.
थुरैया म्हणजे आपल्या कृत्तिका, दबरान म्हणजे रोहिणी.
मी तासगावचा, रात्रीची दारं धरलेला माणूस,
पण आमची पाळी विजेच्या लहरीवर.
तारे नुसते झोप येऊ नये म्हणून.

आता कड्याच्या आणि त्याच्या मध्ये तीन नंबरचं घर.
गच्चीवर काळी टाकी.
दिव्याच्या झगमगाटात डोळे बारीक करून आम्ही बसलो.
कृत्तिका टाकीमागून निघाल्या, पंधरा मिनिटं उशिरा.
रोहिणी मात्र दोन घरांच्या फटीतून
अगदी वेळेवर.

मोबाइल बघा की, मी म्हटलं.
तो म्हणाला, मुसब्बहचं घड्याळ सात मिनिटं पुढे आहे
आणि ते त्याला फार आवडतं.

मग विचारू नये ते विचारलं: जमीन विकली कुणी?
पुतण्यानं.
थोडं थांबून: सही माझीपण आहे.
पोरांना घरं नकोत का?
एवढं बोलून वाकला, पाटातली काडी काढली.

त्याची बहीण मौझा.
गॅलऱ्या झाल्यापासून बागेत येत नाही.
जन्मभर ज्या झाडांना नावानं हाका मारल्या
त्यांची खबर आता दाराआडून विचारते.
नगाल पिकली का. खनेजीला पाणी पोचलं का.

तीन नंबरमध्ये रहमा राहते, शाळेत गणित शिकवते.
तिचीही तक्रार होतीच:
शेळ्यांच्या लेंड्यांचा वास, पहाटेचा पंप, बेडूक.
आम्ही दारात उभे, मधे खजुराचं खोकं.
तिनं कागद घेतला, टाकीची उंची विचारली,
भिंतीपासूनचं अंतर विचारलं,
आणि स्वतःच हिशेब मांडून गप्प झाली.
बराच वेळ.
शुक्रवारी टाकी दुसऱ्या कोपऱ्यात न्या, म्हणाली,
आणि पंपाखाली रबर घाला.

पाइप मीच जोडले. अकरा मिनिटं परत मिळाली.
चार राहिली.
कठडा आहे, तो कसा हलवणार?
झाहरान म्हणाला, राहू दे.
ती घराची.

आणि त्याच्या पाळीच्या रात्री
सतराव्याचा फ्यूज माझ्या खिशात असतो.
अंधार झाला की दार वाजतं,
मौझा येते, चपला हातात घेऊन,
पाटात पाय सोडून बसते.
मी तिकडे बघत नाही.
पाणी वळल्याचा आवाज तेवढा येतो,
कोरडी माती पहिला घोट घेते तो.

सुपरवायझर विचारतो,
चौसष्टांत हा एकच सारखा का जातो?
मी वहीत लिहितो ते खोटं नाही:
खांबाखालची माती ओली.