कान

इनिड कोर्कमने एकतीस वर्षांत
एकाही विद्यार्थ्याचा कान धरला नाही.
ओढले ते कपांचे.
ओल्या मुठीत मातीची वळी, वरून खाली, वरून खाली,
"गाईचं दूध काढता येतं ना?" ती विचारायची
आणि आम्ही हॅलिफॅक्सची माणसं,
कुणी बँकेतलं, कुणी गोदीवरचं,
खाली बघायचो.
तिला येत होतं. बापाच्या गोठ्यात शिकलेली.

मंगळवार, गुरुवार, सात ते दहा,
शाळेच्या तळघरात बॉयलरशेजारी.
अकरा चाकं, त्यातलं एक कायम बिघडलेलं.

माझं पहिलं भांडं उभं राहिलं त्या रात्री
तिने चष्मा कपाळावर सरकवला, म्हणाली, छान,
आणि तारेने मधोमध चिरलं.
"बूड बघ केवढं जाड. इथे घाबरलास."
घाबरलो होतोच.
अंगठ्याएवढ्या जागेत स्पष्ट दिसत होतं.

चिरलेलं सगळं निळ्या पिंपात.
भिजायचं, मळलं जायचं, पुढच्या वर्गाला मिळायचं.
म्युरिएल झिंक वारली तेव्हा इनिड पिंपाकडे बोट दाखवून म्हणाली,
तिच्या सतरा बरण्या आहेत यात,
झाकणं न बसलेल्या.

स्वतःचं काम शनिवारी, घरामागच्या शेडमध्ये.
टोरांटोला प्रदर्शन भरलं एकदाच.
सात वस्तू खपल्या, दोन बहिणीने घेतल्या.
हे ती हसत सांगायची.
भट्टी थंड होताना आतून टिण्ण, टिण्ण वाजायचं,
झिलईला तडे जाताना,
तेव्हा मात्र कुणी बोललेलं तिला चालायचं नाही.

पालथ्या घड्यावर पाणी, म्हणतात लोक
आमच्यासारख्यांना शिकवण्याला.
तिच्या फळ्यांवर सगळेच पालथे.
बुडं सुकायला वेळ लागतो, एवढंच म्हणायची.

मग शाळेने वर्ग बंद केला. तळघरात आता व्यायामाची यंत्रं.
पिंप आम्ही तिघांनी ढकलत ढकलत
तिच्या ट्रकमध्ये चढवलं,
पाठ माझी अजून दुखते.

आता तिचे अंगठे वळत नाहीत.
कप ती करते, जसातसा,
कान मी ओढतो.
आठ-दहा रोज चिरले जातात, बिनबोभाट.

काल एक तिने हातात घेतला.
कानात बोट घालून उचलला, तोलला,
तार शोधली, सापडली,
तार खिशात ठेवली.
कप फळीवर पालथा.
मी बादली धुवायला गेलो.